दाब उतरल्यावर हृदयाचा स्नायू किती सावरतो

महाधमनीची आकसलेली झडप बदलून रुग्ण घरी जातो, महिन्याभराने पुन्हा इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, येतो आणि अहवालात ‘डाव्या जवनिकेची भिंत जाड’ हे शस्त्रक्रियेपूर्वीचेच वाक्य पुन्हा छापून आलेले पाहिले की नातेवाइकांचा चेहरा उतरतो. झडप नवी आहे, ती नीट उघडते आहे, मग हृदय अजून जाड कसे, हा त्यांचा प्रश्न रास्त असतो आणि त्याला बहुतेक वेळा ‘होईल हळूहळू’ एवढेच उत्तर मिळते. इकोचे अहवाल लिहिणे हेच माझे रोजचे काम असल्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो, आणि त्याचे उत्तर दोन रुग्णांच्या मधल्या पाच मिनिटांत देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे. दाब काही क्षणांत उतरतो, फुगलेल्या स्नायूपेशी काही महिन्यांत बारीक होऊ लागतात, पेशींच्या मधे साठलेले तंतू ओसरायला वर्षे लागतात आणि जिथे पेशी मरून व्रण झाला आहे तिथे स्नायू परत येत नाही. हे सारे एकाच हृदयात चाललेले असते, त्यामुळे एखाद्या अहवालातल्या एखाद्या आकड्यावरून हृदय सावरले की नाही हे ठरवायला गेले की हमखास गल्लत होते.

आधी या आजाराच्या दुखण्याचे मूळ पाहू. डावी जवनिका, म्हणजे हृदयाचा डावा खालचा कप्पा, प्रत्येक ठोक्याला महाधमनीत रक्त ढकलत असते. निरोगी झडप पूर्ण उघडली की तिचे तोंड ३ ते ४ चौरस सेंटिमीटर असते आणि आकुंचनाच्या वेळी कप्प्यातला व महाधमनीतला दाब जवळजवळ सारखा राहतो. वयोमानाने पाकळ्यांवर कॅल्शियम साठले किंवा जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्यांची झडप असल्यामुळे ती लवकर कडक झाली, आणि हे तोंड १ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून लहान झाले, की आजार तीव्र मानला जातो. इकोमध्ये अशा झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटर किंवा त्याहून अधिक भरतो. वेगाचा वर्ग करून त्याला चारने गुणले की झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला कमाल फरक मिलिमीटर पाऱ्यात मिळतो. ४ मीटरला ६४, तर ५ मीटरला थेट १००. दंडावर बांधलेल्या पट्ट्याला यातले काहीच कळत नाही. बाहेर रक्तदाब १२० दिसतो आणि त्याच क्षणी कप्प्याच्या आत २०० च्या आसपास दाब असू शकतो. वर्षानुवर्षे, झोपेतसुद्धा, हृदय एवढ्या दाबाविरुद्ध चालत राहते आणि रुग्णाला बराच काळ त्याचा पत्ताही लागत नाही.

पत्ता लागत नाही याचे श्रेय स्नायूच्या जाड होण्याला आहे. कोणत्याही पोकळ गोलाच्या भिंतीवरचा ताण आतला दाब आणि त्रिज्या यांच्या प्रमाणात वाढतो व भिंतीच्या जाडीच्या प्रमाणात कमी होतो, हा लाप्लासचा नियम. विल्यम ग्रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली रुग्णांच्या हृदयात प्रत्यक्ष मोजमापे घेऊन दाखवले की दाबाचा भार सोसणाऱ्या हृदयात भिंत इतकी जाड झालेली असते की आतला दाब कितीतरी वाढूनही भिंतीच्या प्रत्येक भागावर येणारा ताण जवळजवळ नेहमीएवढाच राहतो. म्हणजे जाडी हा त्या टप्प्यावर बिघाड नसून हृदयाने केलेली तजवीज असते. ती बिघाडात कधी आणि कशी बदलते, यावरच पुढे स्नायू किती सावरेल हे बरेचसे ठरते.

हृदयाची भिंत जाड होते तेव्हा तिच्यात नव्या पेशी भरल्या जात नाहीत. आहे त्याच पेशी फुगतात. आकुंचन घडवणारे सार्कोमिअर पेशीत एकमेकांच्या शेजारी, समांतर रचले जातात आणि पेशी आडवी वाढते. स्टॉकहोमच्या संशोधकांनी २००९ मध्ये, शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणात मिसळलेल्या कार्बन-१४ च्या आधारे मानवी हृदयपेशींचे वय काढले, तेव्हा असे दिसले की पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का पेशी नव्या होतात आणि पंचाहत्तरीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली जाते. पुढे येणाऱ्या सगळ्या गोष्टींचे मूळ मला या आकड्यांत दिसते. फुगलेली पेशी पुन्हा बारीक होऊ शकते, कारण ती तीच पेशी आहे. मेलेल्या पेशीची जागा मात्र भरून निघत नाही, कारण पंचाहत्तरीच्या रुग्णाच्या हृदयाजवळ ती भरायला पुरेसे काही शिल्लकच नसते.

पेशी फुगण्याची किंमतही मोजावी लागते. पेशी जाड होतात त्या मानाने सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढत नाहीत, त्यामुळे केशवाहिनीपासून पेशीच्या मध्यापर्यंतचे अंतर वाढते. हृदयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः तो सैल असताना मिळते. इथे तो सैल व्हायलाच वेळ घेतो, आतला दाब चढाच राहतो आणि भिंतीचा सर्वांत आतला थर दाबला जाऊन उपाशी राहतो. मुख्य रक्तवाहिन्यांत एकही अडथळा नसताना अशा रुग्णांच्या छातीत दुखते ते यामुळे. पेशीतला तातडीचा ऊर्जासाठा, म्हणजे फॉस्फोक्रिएटिन, एटीपी या पेशीच्या रोजच्या इंधनाच्या तुलनेत घटतो. अँजिओटेन्सिन आणि टीजीएफ-बीटा यांसारख्या रेणूंच्या चिथावणीने फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेन, म्हणजे तंतूंचे प्रथिन, तयार करू लागतात. एरवी गर्भावस्थेनंतर शांत झालेली काही जनुके पुन्हा कामाला लागतात, आणि ताणलेल्या भिंतीतून बीएनपी हे संप्रेरक रक्तात सुटते, जे आपण तपासणीत मोजतो.

कोलॅजेन दोन तऱ्हांनी साठते आणि हा फरक नीट ध्यानात ठेवावा अशी माझी विनंती आहे. एका तऱ्हेत जिवंत पेशींच्या मधल्या जागेत सर्वत्र बारीक तंतू पसरतात; याला पसरट फायब्रोसिस म्हणू. दुसऱ्या तऱ्हेत उपासमारीने पेशींचे पुंजकेच्या पुंजके मरतात आणि त्यांच्या जागी घट्ट व्रण तयार होतो. पहिली तऱ्हा निदान काही अंशी परत फिरू शकते, दुसरी परत फिरत नाही. साध्या इकोत या दोन्ही सरळ दिसत नाहीत. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम टोचून काही मिनिटांनी चित्र घेतले की व्रण पांढरा उमटतो आणि पसरट तंतूंचा अंदाज गणिताने बांधता येतो.

आता दाब उतरतो तेव्हा काय होते ते पाहू. शस्त्रक्रियेने झडप बदलण्याची सुरुवात १९६० साली झाली आणि २००२ मध्ये फ्रान्समधील रूआं येथे अलां क्रिबिए यांनी छाती न उघडता, कॅथेटरमधून झडप बसवली; त्या पद्धतीला आता सगळे टावी म्हणतात. टावी करताना नवी झडप उघडली की कप्प्यातल्या आणि महाधमनीतल्या दाबाचे दोन आलेख मॉनिटरवर पुढच्या काही ठोक्यांतच एकमेकांना येऊन मिळतात. इतकी वर्षे चढत गेलेला भार काही सेकंदांत उतरतो. वैद्यकशास्त्रात इतका झटपट दिसणारा परिणाम क्वचितच पाहायला मिळतो, आणि कितीही वेळा पाहिला तरी मला त्याचे अप्रूप वाटते.

या झटपटपणाचा एक धोका आहे आणि तो स्नायूचे वागणे फार स्पष्ट करून दाखवतो. भिंत जाड आहे, कप्पा लहान आहे आणि आकुंचनाची ताकद जुन्या दाबाच्या हिशेबाने बेतलेली आहे. समोरचा अडथळा मात्र एकाएकी गेला आहे. अशा वेळी कप्पा इतक्या जोराने मिटतो की झडपेच्या अलीकडे स्नायूच रक्ताची वाट अडवतो आणि रक्तदाब कोसळतो. रक्तदाब घसरला म्हणून सवयीने हृदयाचा जोर वाढवणारे औषध दिले किंवा पाणी उतरवायचे इंजेक्शन दिले, तर कप्पा आणखी लहान होतो आणि अडथळा वाढतो. इथे उलट शिरेतून द्रव द्यावा लागतो आणि बीटा-ब्लॉकरने हृदयाला संथ करावे लागते. म्हणून पडलेल्या रक्तदाबावर औषध देण्याआधी प्रोब छातीवर ठेवून कप्पा रिकामा आहे की भरलेला, हे पाहून घ्यावे असा माझा आग्रह असतो.

दुसऱ्या टोकाला असे रुग्ण असतात ज्यांचे पम्पिंग शस्त्रक्रियेपूर्वी मंदावलेले असते. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे प्रत्येक ठोक्याला कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर पडते तो आकडा, ३० किंवा ३५ पर्यंत घसरलेला असतो आणि घरच्यांना वाटते की आता उशीर झाला. उशीर झालेला असतो किंवा नसतो. त्या एका आकड्यावरून ते सांगता येत नाही. जॉन रॉस यांनी १९७० च्या दशकात मांडलेला विचार इथे आजही उपयोगी पडतो. आकडा दोन कारणांनी घसरू शकतो. स्नायूची अंगभूत ताकद शाबूत असते, पण भिंतीच्या जाडीला दाब झेपेनासा झालेला असतो; अशा हृदयाचा भार उतरवला की इजेक्शन फ्रॅक्शन काही दिवसांत, आठवड्यांत ठळकपणे वाढते. याउलट स्नायूच थकलेला, व्रणांनी भरलेला असेल, तर झडप कितीही उत्तम बसवली तरी आकडा फारसा हलत नाही. दोघांना ओळखायची एक खूण म्हणजे झडपेवरचा सरासरी दाबफरक (वर सांगितलेला कमाल फरक नव्हे). पम्पिंग कमी असूनही दाबफरक ४० च्या वर असेल, तर एवढा दाब निर्माण करणारा स्नायू अजून जिवंत आहे हे उघड आहे. पम्पिंगही कमी आणि दाबफरकही कमी असेल, तर गुंता वाढतो. मग डोब्युटामिन हे हृदयाचा जोर वाढवणारे औषध देऊन इको करावा लागतो किंवा सीटी स्कॅनवर झडपेतले कॅल्शियम मोजून ती खरोखर किती आकसली आहे हे ठरवावे लागते.

यानंतर सुरू होतो तो महिन्यांचा काळ, आणि सुरुवातीला सांगितलेला ‘भिंत जाड’ हा शेरा याच काळातला असतो. स्नायूवरचा ताण कमी झाला की पेशी आपल्यातली जास्तीची प्रथिने मोडून काढू लागते. हे आपोआप झिजणे नाही. त्यासाठी पेशीत स्वतंत्र यंत्रणा आहे. नको असलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिनची खूण केली जाते आणि प्रोटिएसोम ती मोडून टाकतो. उंदरांच्या महाधमनीला टाका बांधून हृदयावर दाब आणायचा आणि पुढे तो टाका सोडून दाब उतरवायचा, अशा प्रयोगांतून यातले बरेच काही कळले आहे. ही खूण करणाऱ्या प्रथिनांपैकी म्युर्फ-१ नावाचे प्रथिन ज्या उंदरांत नव्हते, त्यांचे जाड झालेले हृदय दाब काढल्यावरही नीट बारीक झाले नाही. स्नायूचे परत फिरणे हे पेशीने केलेले काम आहे, त्याला ऊर्जा लागते, वेळ लागतो, आणि म्हाताऱ्या, मधुमेही किंवा आधीच थकलेल्या पेशीत ते तरुण पेशीइतक्या सफाईने होईल अशी अपेक्षा धरता येत नाही.

माणसांत डाव्या जवनिकेच्या वजनातली घट पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात सर्वांत वेगाने होते आणि पुढे काही वर्षे संथपणे चालू राहते. लंडनमधील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात झडप बदलण्यापूर्वी आणि एका वर्षानंतर एमआरआय केले होते. तेव्हा वजन सरासरी सुमारे एक पंचमांशाने उतरलेले दिसले. एक पंचमांश हा आकडा सुखावणारा आहे, पण एखाद्याची भिंत १५ मिलिमीटरची असेल तर वर्षानंतरही ती बहुधा १२ किंवा १३ च्या आसपास राहील, म्हणजे पुरुषांसाठीच्या १० आणि स्त्रियांसाठीच्या ९ मिलिमीटरच्या कमाल मर्यादेबाहेरच. अहवाल लिहिणारा ‘जाड’ असे लिहील आणि ते खोटे नसेल. मात्र १५ वरून १३ वर आलेली भिंत आणि ११ वरून १३ वर गेलेली भिंत यांना एकच शेरा मिळतो, ही या शेऱ्याची मोठी उणीव आहे.

तंतूंचा हिशेब मात्र वेगळा चालतो, आणि या साऱ्या विषयात माझ्या मते तोच भाग सर्वांत विलक्षण आहे. झुरिकच्या क्रायनब्यूल, हेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, जो आज कोणी करू धजेल असे वाटत नाही. त्यांनी झडपेच्या रुग्णांच्या डाव्या जवनिकेतून कॅथेटरने स्नायूचे बारीक तुकडे घेतले; शस्त्रक्रियेपूर्वी, सुमारे दीड वर्षाने आणि जवळजवळ सहा वर्षांनी. दीड वर्षाने पेशी बारीक झाल्या होत्या, वजन उतरले होते, पण स्नायूतले तंतूंचे शेकडा प्रमाण आधीपेक्षा वाढलेले होते! शस्त्रक्रियेने नवे तंतू तयार झाले होते असे नव्हे. पेशी आकसल्या आणि तंतू होते तेवढेच राहिले, त्यामुळे उरलेल्या स्नायूत त्यांचा वाटा वाढला. सहा वर्षांनंतरच्या तुकड्यांत मात्र हे तंतूही घटलेले आढळले. त्याच गटाने १९९५ मध्ये दाखवले की कप्प्याचा ताठरपणाही याच वाटेने जातो. पहिल्या दोनएक वर्षांत तो आधीपेक्षा वाढलेला असतो आणि साधारण सात वर्षांच्या सुमारास तो नेहमीच्या पातळीवर येतो.

झडप उत्तम, पम्पिंग उत्तम, वजन उतरलेले, आणि तरीही जिना चढताना धाप लागणारा रुग्ण मग समजू लागतो. त्याची धाप मनाची नसते किंवा निव्वळ वयाचीही नसते. त्याचा कप्पा नीट मिटतो, पण सैल होऊन भरून घेताना ताठर राहतो, आणि चालण्याचा वेग वाढला की त्याचा दाब मागे फुफ्फुसांपर्यंत जातो. अशा रुग्णाला ‘तुमचा इको नॉर्मल आहे’ असे सांगून वाटेला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याच्या अहवालात कप्प्याच्या सैल होण्याची मापे, डाव्या कर्णिकेचा, म्हणजे डाव्या वरच्या कप्प्याचा, आकार आणि फुफ्फुसधमनीतला दाब लिहिलेला नसेल, तर तो अहवाल अपुरा समजावा.

लंडनच्या त्याच अभ्यासात दोन्ही तऱ्हांचे तंतू वेगवेगळे मोजले होते. वर्षभरात पेशींचे आकारमान घटले, पेशींबाहेरच्या जाळ्याचेही घटले, फक्त जरा कमी. म्हणजे पसरट फायब्रोसिस झुरिकच्या अंदाजापेक्षा लवकर हलू लागतो असे दिसते. व्रण मात्र जसाच्या तसा राहिला. ब्रिटनमधल्या सहा केंद्रांतील ६७४ रुग्णांच्या दुसऱ्या एका अभ्यासात, २०१८ मध्येच, झडप बदलण्यापूर्वी एमआरआयवर व्रण असलेल्यांत पुढच्या काही वर्षांतले मृत्यूचे प्रमाण व्रण नसलेल्यांच्या सुमारे दुप्पट आढळले. झडपा दोन्ही गटांत नव्याच होत्या. फरक स्नायूत होता.

बरे वाटणे आणि भिंत बारीक होणे या गोष्टी हातात हात घालून चालतात असेही नाही. पुष्कळ रुग्णांना शस्त्रक्रियेच्या जखमा भरून येताच छातीतले दुखणे थांबलेले जाणवते, तेव्हा भिंत होती तितकीच जाड असते. सैल होण्याचा अवधी लांबला, आतला दाब उतरला, की उपाशी राहिलेल्या आतल्या थराला रक्त मिळू लागते आणि त्यासाठी भिंत आधी बारीक व्हावी लागत नाही. झडप बदलल्यानंतर स्नायूच्या रक्तपुरवठ्याची राखीव क्षमता मोजणाऱ्या अभ्यासांतही ही सुधारणा वजनापेक्षा दाबाच्या बदलाशी जास्त जुळलेली दिसली. फॉस्फोक्रिएटिनचे प्रमाणही काही महिन्यांत सुधारते.

हे सारे झडपेबद्दल झाले, पण जगात हृदयावर दाबाचा भार टाकणारे सर्वांत मोठे कारण साधा उच्च रक्तदाब हेच आहे. तिथे भार एका क्षणात उतरत नाही. तो रोजच्या गोळीने उतरवावा लागतो आणि गोळी चुकली की परत चढतो. तिथेही स्नायू सावरतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लाइफ’ या चाचणीत उच्च रक्तदाब आणि ईसीजीवर जाड हृदयाच्या खुणा असलेले ९,१९३ जण होते. लोसार्टन घेणाऱ्यांत जाडी अॅटिनोलॉल घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरली आणि पक्षाघातही कमी झाले, रक्तदाब दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच उतरलेला असतानाही. ज्यांचे हृदयाचे वजन उपचारांत उतरले, त्यांना पुढे हृदयविकाराचे प्रसंग कमी आले, हेही त्याच चाचणीतून दिसले. रक्तदाबाची गोळी केवळ यंत्रावरचा आकडा खाली आणण्यासाठी घ्यायची असते, असे अनेकांना वाटते. ती हृदयाच्या भिंतीसाठीही असते, हे त्यांना चित्र दाखवून समजावले की गोळी बंद करण्याचा विचार बरेच जण सोडून देतात.

उजव्या जवनिकेची गोष्ट थोडक्यात सांगते. फुफ्फुसधमनीत जुन्या गुठळ्या चिकटून तिथला दाब वाढला की पातळ भिंतीची उजवी जवनिका फुगते, मधला पडदा डावीकडे ढकलते आणि इकोत पाहवत नाही अशी होते. गुठळ्यांचे अस्तर शस्त्रक्रियेने सोलून काढले, किंवा फुफ्फुसधमनीच्या इतर आजारांत फुफ्फुसांचे प्रत्यारोपण झाले, तर हीच जवनिका आठवड्यांत, महिन्यांत आकाराला येते; पूर्वी निकामी वाटलेली उजवी बाजू केवळ फुफ्फुसे बदलल्याने सुधारते, त्यासाठी हृदय बदलावे लागत नाही.

मग डाव्या बाजूचा भार उतरवायचा कधी? यूजीन ब्रॉनवाल्ड आणि जॉन रॉस यांनी १९६८ मध्ये दाखवले होते की लक्षणे सुरू होईपर्यंत रुग्ण बरीच वर्षे ठीक असतो, पण छातीत दुखू लागल्यावर सरासरी ५, चक्कर येऊन पडू लागल्यावर ३ आणि हृदय निकामी होऊ लागल्यावर २ वर्षेच उरतात. त्यामुळे लक्षणे दिसली की शस्त्रक्रिया, हा नियम झाला, आणि तो अनेक दशके योग्यच होता, कारण शस्त्रक्रियेची जोखीमही मोठी होती. स्नायूच्या बाजूने पाहिले तर मात्र लक्षणांची वाट पाहणे म्हणजे काही वेळा व्रणाची वाट पाहणे ठरते. २०२४ मध्ये ‘अर्ली टावर’ चाचणीत तीव्र आजार पण लक्षणे नाहीत अशा ९०१ जणांपैकी निम्म्यांना लगेच टावी केली आणि उरलेल्यांवर लक्ष ठेवले; मृत्यू, पक्षाघात किंवा हृदयासाठी अचानक रुग्णालयात दाखल होणे यांपैकी काहीतरी पहिल्या गटात २६.८ टक्के, तर दुसऱ्यात ४५.३ टक्के लोकांच्या वाट्याला आले. हा फरक मुख्यतः दाखल होण्यातला होता, मृत्यूतला नव्हे. त्याच वर्षी ‘इव्हॉल्व्ड’ या ब्रिटनमध्ये बेतलेल्या चाचणीत एमआरआयवर व्रण दिसलेल्या, पण लक्षणे नसलेल्या २२४ जणांत लवकर झडप बदलण्याचा ठरवलेल्या मुख्य निकषावर ठोस फायदा सिद्ध झाला नाही. चाचणी लहान होती. तरी मला त्यात एक गोष्ट खटकते, ती अशी की व्रण दिसेपर्यंत थांबून मग घाई करणे हे कदाचित आधीच उशिराचे असेल. हे माझे मत आहे, त्या चाचणीचा निष्कर्ष नव्हे. लक्षणे नाहीत असे म्हणणाऱ्या रुग्णाचे बीएनपी, त्याच्या स्नायूच्या लांबीतल्या आकुंचनाचे मोजमाप आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली केलेली ट्रेडमिल चाचणी एवढे तरी वेळच्या वेळी व्हायला हवे, कारण पुष्कळ लोक धाप टाळण्यासाठी नकळत चालणेच कमी करतात आणि मग ‘मला काही त्रास नाही’ असे अगदी प्रामाणिकपणे सांगतात.

झडप बदलूनही स्नायू अपेक्षेप्रमाणे सावरत नसेल, तर मी आधी रक्तदाब पाहते. अरुंद झडप गेल्यावर दबलेला रक्तदाब वर येतो, घरी गेल्यावर तो कोणी मोजत नाही, आणि झडपेचा भार गेला तिथे धमन्यांचा भार बसतो. त्यानंतर नव्या झडपेचे तोंड रुग्णाच्या देहाला पुरेसे आहे का, हे पाहावे लागते. शाहबुद्दीन रहिमतूला यांनी १९७८ मध्येच दाखवून दिले होते की शरीराच्या मानाने लहान झडप बसली तर थोडा अडथळा उरतोच. वयस्कर रुग्णाची भिंत जाड, पण ईसीजीतल्या लाटा त्या मानाने बुटक्या असतील, तर ट्रान्सथायरेटिन अॅमिलॉइड हा वेगळाच आजार सोबत आहे का, हे तपासायला हवे; तिथली जाडी पेशी फुगल्याने आलेली नसते, बाहेरून साठलेल्या प्रथिनाने आलेली असते, आणि दाब उतरवून ती जात नाही. डावी कर्णिका फार मोठी झाली असेल, एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे कर्णिकांचा अनियमित ताल, कायमचे बसले असेल, तर तिथला बदलही फारसा परतत नाही.

म्हणून रुग्णांना आणि नातेवाइकांना मी एवढेच सांगते की शस्त्रक्रियेपूर्वीचा इकोचा अहवाल फाइलमधून काढून टाकू नका. पुढच्या प्रत्येक तपासणीला तो सोबत आणा आणि भिंतीची जाडी, जवनिकेचे वजन, इजेक्शन फ्रॅक्शन, डाव्या कर्णिकेचा आकार आणि फुफ्फुसधमनीतला दाब हे आकडे जुन्या आकड्यांशेजारी लिहून द्या असे डॉक्टरांना सांगा. पहिला इको महिन्याभरात नव्या झडपेची पायाभूत मापे घेण्यासाठी असतो. स्नायूबद्दल काही म्हणायचे असेल तर वर्षाने केलेला इको त्याच्याशी ताडून पाहावा लागतो, आणि ताठरपणाबद्दल म्हणायचे असेल तर त्याहूनही पुढचे इको. रक्तदाबाची वही याच काळात चालू ठेवा, आणि पहिल्या महिन्याच्या अहवालात भिंत अजून जाड दिसली तर घाबरू नका. त्या वेळी ती तशी दिसणे अपेक्षितच असते.